बाबा, रंगांची पेटी माळ्यावरून काढून घ्या

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की आई रडायला लागते आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहून पाठवतेय. मी इथलं काम अजून दोन वर्षं वाढवून घेतलंय, सही झाली. पगाराचा विचार होताच, पण आत्ता सोडलं तर असं काम परत मिळणार नाही, आणि बाबांची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली म्हणूनच हो म्हटलं, नाहीतर आलेच असते गं आई, खरंच. दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय. पोळ्यांच्या मावशींना आता दोन्ही वेळचं सांगितलंय, भाजी कमी तिखट करतील. गिझरवाला शनिवारी येईल, तोवर गार पाण्याने अंघोळ करत बसू नका.

आता बाबा, तुमच्यासाठी. तुमच्या जाड पुस्तकातलं ते वेलास्केझचं चित्र, 1656 सालचं, मधे छोटी राजकन्या, मागे आरशात राजा-राणी, तुम्ही चौकटी आखून मोठं करत बसायचात आणि मी खोडरबर पळवायचे, तेच. मूळ माद्रिदला आहे, पण त्यावरून पिकासोने केलेली मालिका इथे बार्सिलोनात आहे, 58 चित्रं! पहिलंच सगळ्यात मोठं, नुसतं काळं-पांढरं-राखाडी. मूळ उभं चित्र त्याने आडवं केलंय, चित्रात उभा असलेला स्वतः वेलास्केझ पार छताला टेकलाय, आणि छतातले दोन हुक, मूळ चित्रात कुणाचं लक्षही जात नाही, ते इथे चांगले ठसठशीत. पुढ्यातल्या भल्यामोठ्या कुत्र्याच्या जागी स्वतःच्या घरातलं बुटकं कुत्रं बसवलंय. तुम्ही म्हणाल, ही कसली नक्कल. पण त्याने एकेक माणूस सुटा काढून पुन्हा पुन्हा रंगवलाय, राजकन्येला तर कितीतरी वेळा, प्रत्येक वेळी वेगळी. मला ते फार आवडलं.

हे सगळं 1957 च्या ऑगस्ट ते डिसेंबरमधलं, फ्रान्समधल्या कानला. पिकासोची तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली, म्हणजे तुमच्याहून मोठाच. मधेच खिडकीबाहेरची कबुतरं काढली, 9 चित्रं, तीही मालिकेतच ठेवली. आणि बाबा, त्याचे वडील ड्रॉइंग मास्तर होते, कबुतरंच काढायचे! 1895 मध्ये माद्रिदला वेलास्केझची चित्रं बघितली तीही वडिलांबरोबर, तेव्हा तेरा वर्षांचा होता. तिथे उभं राहून मला सारखे तुम्हीच आठवत होतात. 1968 मध्ये त्याने ही सगळी मालिका इथल्या म्युझियमला देऊन टाकली, पण तिथला हुकूमशहा फ्रँको, त्याच्या राजवटीमुळे स्वतः स्पेनला परत आलाच नाही. ते वाचून पोटात कसंतरी झालं. माझं तसं नाहीये हां, मी येणार आहे.

हात थरथरतो म्हणून रंगांची पेटी माळ्यावर टाकलीत ते मला अजिबात पटलेलं नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना रेष सरळ येईपर्यंत उठू दिलं नाहीत, ठीक, पण आता तुमची कोण परीक्षा घेणारे? थरथरली तर थरथरू दे. राजकन्येपासून सुरू करा, नाहीतर सरळ आईला बसवा समोर, तेवढीच ती दुपारी जरा टेकेल. पेटी मावशींच्या मुलाकडून काढून घ्या, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, आणि आई, तू स्टूल धरून उभी राहायचं नाहीस. उजेड असतानाच बसा. नव्या नंबरचा चष्मा याच आठवड्यात करून घ्या, पैसे पाठवलेत. शुगर रविवारी तपासून मला आकडा कळवा, दोघांचाही. आणि चित्राचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, अर्धवट असलं तरी.

तुमची,
चिऊ