तेजीत मुलं का दगावतात?

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, "मंदीत गरीब देशांतली मुलं दगावतात, तेजीत वाचतात. यात प्रबंध लिहिण्यासारखं काय आहे?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून उरलेलं लिहून पाठवते.

कोलंबियाचं घे. तिथली कॉफी बरीचशी लहान शेतकऱ्यांची. डोंगरउतारावरची झाडं, तोडणी हातानं, घरातल्या बायकाही मळ्यात. जुलै 1975 मध्ये शेजारच्या ब्राझीलमध्ये हिमानं कॉफीच्या बागा जळाल्या आणि जगभर भाव भडकले. कोलंबियाच्या शेतकऱ्याचं नशीबच उघडलं म्हणायचं. पण ग्रँट मिलर आणि पिएदाद उर्दिनोला यांनी आकडे तपासले तेव्हा उलटंच दिसलं. कॉफीच्या पट्ट्यात भाव चढले की बालमृत्यू वाढायचे, पडले की कमी व्हायचे.

मला याचं फारसं नवल वाटलं नाही. उपकेंद्रात होते तेव्हा कापसाची वेचणी लागली की लसीकरणाच्या दिवशी बाकं रिकामी असायची. लस फुकट, पण तिच्यापायी दिवसाची मजुरी बुडायची. लांबून पाणी आणून उकळायचं, जुलाब झालेल्या बाळाला चमच्याचमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसायचं, दवाखान्यात ताटकळायचं, याला पैसा थोडा आणि आईचा वेळ फार लागतो. भाव चढला की तो वेळ मळ्यात जातो.

म्हणून मंदी बरी, असं मात्र लिहू नकोस! पेरूत 1987 ते 1990 या काळात दरडोई उत्पन्न सुमारे 30 टक्क्यांनी घसरलं, सरकारचा आरोग्यावरचा खर्चही आटला आणि अर्भकमृत्यू वाढले. आपल्या खेड्यांबद्दल सोनिया भालोत्रा यांनाही तेच दिसलं: पडत्या वर्षांत अर्भकं जास्त जातात, त्यातही मुली. आपल्याकडची बाई टंचाईतच जास्त कामाला बाहेर पडते, म्हणजे पैसाही नाही आणि वेळही नाही. (मुलीच का, ते तुला सांगायला नको.)

तेव्हा उत्पन्नाच्या आलेखाशेजारी बायकांच्या कामाचे तासही मांड. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं. मला अशी बाई कामावर क्वचितच दिसली. जुनी हजेरीपत्रकं मिळतात का बघ, मी तालुक्याला विचारून ठेवते.

तुझी,
आई