आजोबांचा कॅमेरा विकू नकोस

पुणे
रविवार रात्र

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आजोबांच्या हाफ प्लेट कॅमेऱ्याला गिऱ्हाईक आलंय, कुणाला तरी तो दिवाणखान्यात मांडायचाय, देऊन टाकू का, असं तू विचारलंस. देऊ नकोस. नुसतं ‘नको’ म्हणून तुला गप्प बसवणं बरोबर नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तो कॅमेरा पुन्हा कामाला लावायचा रस्ता मला दिसतोय, आणि त्यातलं निम्मं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तुझ्या वर्कशॉपचं आहे.

त्या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं आहे तरी काय? सागवानी चौकट, पितळी खिट्ट्या, चामड्याचा भाता. भोकं पडली असतील तर भाता नवा शिवता येतो. अडलंय ते फिल्मपाशी. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच मापाची शीट आपल्याकडे दुकानात मिळत नाही. चार बाय पाच इंची मागवावी तर एकेका शीटला काही शे रुपये, वर धुलाई आणि स्कॅनिंग. शिकणाऱ्या पोराने चूक करायचीच नाही का? म्हणून फिल्मच्या जागी बसणारी, स्वस्तातली डिजिटल पाठ करायची असं मी मनावर घेतलंय.

तू म्हणशील, अशी पाठ विकत मिळत नाही का? मिळते. फेज वन कंपनीची दीडशे मेगापिक्सेलची पाठ २०१८ साली आली. तिचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप, साधारण ५३ बाय ४० मिलिमीटरचा, म्हणजे चार बाय पाचच्या चित्राचा पाचवा हिस्सासुद्धा नाही, आणि किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात. त्याच वर्षी अमेरिकेत लार्जसेन्स कंपनीने आठ बाय दहा इंच झाकणारा एकसंध सेन्सर बाजारात आणला. बारा मेगापिक्सेल, कृष्णधवल, किंमत एक लाख डॉलरच्या वर. मला त्या माणसांचं मनापासून कौतुक आहे, पण ती वाट आपल्यासाठी नाही.

ही महागाई सिलिकॉनच्या चकतीतच आहे. तीनशे मिलिमीटरच्या चकतीतून ३६ बाय २४ चे सेन्सर पन्नासच्या वर निघतात. चार बाय पाच इंचांचे बोटांवर मोजण्याइतके. त्यात चिप छापणारं यंत्र एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटरएवढाच भाग उजळतं, म्हणजे मोठा सेन्सर तुकड्यातुकड्याने जोडत छापावा लागतो. आणि चकतीवर कुठेतरी दोष हा असतोच. लहान चिपमध्ये तो आला तर एक चिप फुकट जाते, मोठ्या चिपमध्ये आला तर चकतीचा मोठा हिस्साच जातो. हे गणित तुझ्या-माझ्या जिद्दीने बदलणारं नाही.

मग क्षेत्रफळ विकत घ्यायचं नाही, त्याऐवजी वेळ द्यायचा. अख्ख्या चित्राएवढा सेन्सर नको, एक ओळ पुरे. ती ओळ चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवायची. कॅलिफोर्नियात माइक कोलेट यांनी १९९० च्या दशकात बेटर लाइट नावाने अशाच पाठी बनवल्या: कोडॅकची तीन ओळींची सीसीडी (एका प्रकारचा सेन्सर), ७२ बाय ९६ मिलिमीटरचा पल्ला. संग्रहालयांनी चित्रांच्या प्रती काढायला त्या वापरल्या. आपल्याला तीच कल्पना भंगारातल्या स्कॅनरमधून उभी करायची आहे.

पण स्कॅनर पारखून घ्यावा लागतो. जाड, जड स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग लावून पान एका छोट्या सीसीडीवर आकसून आणलेलं असतं. तो आपल्या कामाचा नाही. पातळ, यूएसबीवरच चालणारा घ्यायचा, उदाहरणार्थ कॅननच्या लाइड मालिकेतला. त्यात पानाच्या रुंदीएवढी, २१६ मिलिमीटरची पट्टी असते. तिच्या तोंडाशी बारीक काचकांड्यांची भिंगं आणि कडेला तीन रंगांचे एलईडी. भिंगं काढायची, एलईडी बंद करायचे. उरतो तो उघडा सेन्सर, इंचाला १२०० बिंदू. आजोबांच्या कॅमेऱ्यावर हिशेब कर: पावणेपाच गुणिले साडेसहा इंच, म्हणजे ५७०० बाय ७८००, जवळजवळ साडेचार कोटी बिंदू! आणि एकेक बिंदू २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). क्षेत्रफळात फेज वनच्या बिंदूच्या तीसपट. भिंगाचं छिद्र बारीक करून एफ २२ वर आणलं तर त्यातून पडणारा प्रकाशाचा ठिपकाच तीसेक मायक्रॉनचा असतो, तेव्हा याहून बारीक बिंदूंचा हव्यास धरायचं कारणच नाही.

स्कॅनरचं स्वतःचं सॉफ्टवेअर मात्र इथे कामाचं नाही. ते सुरू होताच आतली पांढरी पट्टी शोधतं, ती दिसली नाही की अडून बसतं. म्हणून ऑसिलोस्कोप लावून सेन्सरच्या पट्टीचे सिग्नल पाहिले, आणि आता टीन्सी नावाच्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरून मीच तिला क्लॉक, म्हणजे कामाचा ताल, देतो आणि येणारं व्होल्टेज मोजून घेतो. प्लायवुडच्या खोक्याला २१० मिलिमीटरची जुनी लेन्स लावून समोरच्या बाल्कनीचं चित्र आलं तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवलं. चित्रावर उभे पट्टे होते, कारण पट्टी एकसंध नसते. छोट्या छोट्या चिप्स टोकाला टोक लावून बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीची नजर थोडी वेगळी. लेन्स झाकून एक चित्र आणि एकसारख्या उजेडातल्या कोऱ्या कागदाचं दुसरं घेतलं की हिशेबाने पट्टे निघतात. सिलिकॉन गरम झालं तर अंधारातला गोंगाट, म्हणजे प्रकाश नसताना येणारा खोटा सिग्नल, वाढतो, सात-आठ अंशांना जवळजवळ दुप्पट, म्हणून झाकलेलं चित्र दर वेळी नव्याने घ्यायचं.

विजेच्या दिव्यांचाही एक त्रास आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि चित्रात लाटा उठतात. प्रत्येक ओळीला बरोबर एक पन्नासांश सेकंद दिला की त्यात दोन लाटा पुऱ्या बसतात आणि चित्र शांत होतं. ७८०० ओळींना अडीच मिनिटांहून थोडं जास्त लागतं. पट्टी रंगांधळी आहे, रंग हवा असेल तर लाल, हिरवा, निळा फिल्टर लावून तीन फेऱ्या करायच्या. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की यांनी शंभर वर्षांपूर्वी तीन नोंदी घेऊनच रंग आणला होता. भिंगासमोर इन्फ्रारेड अडवणारी काचही हवीच, नाहीतर झाडांची पानं चुन्यासारखी पांढरी येतात.

आता तुझं काम. पट्टी सरकते तेव्हा ती डगमगता कामा नये. खोका उभा असल्यामुळे वजन एका बाजूला ओढतं, म्हणून पट्टी उभी ठेवून आडवी सरकवायची आहे. दोन घासून गुळगुळीत केलेले दांडे, फेऱ्याला एक मिलिमीटर सरकवणारा स्क्रू, फेऱ्याला दोनशे स्टेप घेणारी मोटर. एका स्टेपला पाच मायक्रॉन, सरासरी सव्वाचार स्टेपला एक ओळ. नेहमी एकाच दिशेने सरकवू, म्हणजे स्क्रूमधला ढिलेपणा आड येणार नाही. सेन्सर बरोबर त्या पातळीत हवा जिथे आता ग्राउंड ग्लासचा, म्हणजे फोकस पाहायच्या दुधी काचेचा, खरखरीत पृष्ठभाग आहे. एफ ११ वरसुद्धा पाव मिलिमीटरपर्यंतची चूक खपते. तू एक दशांश मिलिमीटर दिलास तरी मी निश्चिंत. तुझ्या मिलिंगला हे अवघड नाही. सेन्सर खोल खाचेत बसलेला असतो, तिरपे किरण खाचेच्या कडांवर अडतात. त्या कडा उतरत्या घासाव्या लागतील. २१० च्या लेन्सला आडव्या दिशेत टोकाचा किरण साधारण साडेएकवीस अंशांनी येतो, तेवढी वाट मोकळी हवी.

सगळी ड्रॉइंग्ज आणि कोड मी कुणालाही वापरायला मोकळे ठेवणार आहे. सांगली-मिरजेतल्या, बेळगावातल्या बंद स्टुडिओंत असे कॅमेरे पडून असतील. एखाद्या गावातल्या पोराने शेजारच्या लेथवाल्याकडून पाठ करून घ्यावी, ती बिघडली तर त्यानेच दुरुस्त करावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाबुराव पेंटरांनी तुमच्याच कोल्हापुरात १९१८ च्या सुमारास दामल्यांबरोबर सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्या गावाला मी आणखी काय सांगू?

पहिलं चित्र खिद्रापूरचं घेऊ. कोपेश्वराचा स्वर्गमंडप, वरचं गोल उघडं आकाश, खालचे खांब. दगड हलत नाही, अडीच मिनिटं त्याला काहीच नाहीत. लेन्स बसवलेली समोरची पाटी वर उचलली की खांब आत झुकलेले न दिसता सरळ उभे येतील; मोबाइलवर नंतर सरळ करताना कडा ताणल्या जातात तसं होणार नाही. लोक मध्ये आले तर वाकडेतिकडे ताणले जातील, म्हणून पहाटे जाऊ. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, तो अर्ज मी करतो.

ड्रॉइंग सोबत आहे. आधी फिल्मचा होल्डर बसतो त्या खाचेची लांबी, रुंदी, खोली व्हर्नियरने मोजून कळव, जुन्या कॅमेऱ्यांत ती सारखी नसते. अॅल्युमिनियमची सहा मिलिमीटरची प्लेट तुमच्याकडे मिळते का तेही बघ. पुढच्या शनिवारी पट्टी आणि मोटर घेऊन मी कोल्हापूरला येतो. काकूंना नमस्कार सांग, आणि त्या गिऱ्हाइकाला उद्याच फोन करून नाही म्हण.

तुझा,
अव्या