केस स्टडीचा शेवट आधी सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या एमबीएच्या मुलांचे प्रोजेक्टचे दिवस आहेत. सांगलीत माझा हळद दळून पुड्या भरण्याचा छोटा उद्योग आहे. त्यामुळे दरवर्षी कॉलेजचं पत्र घेऊन दोन-चार मुलंमुली येतात. पोरं हुशार असतात, उन्हातान्हात दुकानं पालथी घालायची त्यांची तयारी असते. पण काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं: शंभर जणांची प्रश्नावली, तिचे रंगीत गोल तक्ते, ‘स्वॉट’चा (बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांचा) चौकोन आणि शेवटी ‘कंपनीने जाहिरातीवर भर द्यावा’ ही शिफारस. कंपनीचं नाव बदललं तर तोच रिपोर्ट बेदाण्यालाही चालेल.

वर्गात केस स्टडी, म्हणजे एखाद्या कंपनीचा खरा पेच मांडून त्यावर चर्चा, होतात का, असं विचारलं की टाटांची नॅनो गाडी सगळ्यांना पाठ असते. ती का चालली नाही? ‘सर्वात स्वस्त गाडी असा शिक्का बसला म्हणून.’ उत्तर चुकीचं नाही. पण २००८ च्या जानेवारीत गाडी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा त्याच ‘लाखाच्या गाडी’चं सगळ्या देशाला कौतुक होतं. त्या दिवशी तुम्ही टेबलाच्या पलीकडे असता तर काय केलं असतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कोका-कोलाचंही तेच. १९८५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी चव बदलली आणि जुलैत जुनं पेय परत आणावं लागलं, हे सांगताना मुलं हसतात. मी त्यांना सांगते, त्याआधी जवळजवळ दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली होती आणि कौल नव्या चवीच्या बाजूने होता. एवढे आकडे हातात असताना ‘थांबा’ म्हणण्याची हिंमत तुमच्यात असती का? चव कशी वाटली हे विचारलं, पण जुनं कायमचं बंद केलं तर काय वाटेल, हा प्रश्न मागे राहिला. धडा तिथे आहे, आणि तो शेवट झाकून ठेवल्याशिवाय हाती लागत नाही.

ही पद्धत जिथे रुजली त्या हार्वर्डमधली पहिली केस १९२१ सालची, जेमतेम पानभराची, एका बूट कारखान्याची. विषय काय, तर कामगार सुट्टीच्या वेळेआधीच काम थांबवतात, मालकाने काय करावं? कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये आज हा प्रश्न सापडेल. मग आपली मुलं केससाठी अमेरिकेपर्यंत का जातात?

एकदा मी माझाच पेच दोन मुलींपुढे ठेवला. २०२३ साली हळदीचा भाव चढला. मार्केट यार्डातल्या सौद्यांत हळकुंड इतकं महागलं की दहा रुपयांची पुडी आहे त्या वजनात दिली तर पाकीट, मजुरी आणि दुकानदाराचं मार्जिन सुटेना. दर बारा करायचा, वजन कमी करायचं, की हलका माल मिसळायचा? तिसरा रस्ता मी धरणार नव्हते, पण कागदावर तो लिहिला, कारण बाजारात तो रोज धरला जातो. हिशेबाचा कागद त्यांच्या हातात दिला, मी काय केलं ते सांगितलं नाही आणि गप्प बसले.

एक मुलगी जतकडची, वडिलांचं किराणा दुकान. ती म्हणाली, बारा रुपयांची पुडी बाबा ठेवणारच नाहीत. दहाची नोट पुढे करून हळद मागणारं गिऱ्हाईक वरचे दोन रुपये काढत नाही, दुसऱ्या कंपनीची पुडी मागतं. दुसरीला ते पटेना. आता सगळे मोबाइलवरून पैसे देतात, सुट्ट्यांची अडचण राहिली कुठे? तिथून खडाजंगी सुरू झाली. दहाची पुडी घेतं कोण? रोजगाराला जाणारी बाई, की खोली करून राहणारा विद्यार्थी? वजन घटलं तर त्या बाईला महिन्याला किती पुड्या जास्त घ्याव्या लागतील? जतच्या मुलीने तिथूनच वडिलांना फोन लावला. पुस्तकातला एकही शब्द न उच्चारता किंमत, ग्राहक, वितरण या सगळ्यातून त्या गेल्या. मी किंमत दहाच ठेवून वजन कमी केलं, ते पुडीवर ठळक छापलं आणि अर्ध्या किलोच्या पाकिटाचा दर वाढवला, हे अखेरीस सांगितलं, तेव्हा एकीला माझा निर्णय मान्य नव्हता. तिची कारणं भक्कम होती.

अशा केसेस आपल्या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, हे वर्गात किती वेळा सांगितलं जातं? जी वस्तू गिऱ्हाइकाला विषासारखी वाटते ती विकायची कशी? बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना थाटला. जवळ ना कोळशाची खाण, ना लोखंडाची. पुढे १९२० साली नांगर बनवणाऱ्या या कारखान्याने मासिक काढलं. का काढलं असेल? यावर तासभर वाद होऊ शकतो. भिलवडीच्या चितळे डेअरीवर आणि मिरजेच्या तंतुवाद्यांवरही होईल, पण मला हरिपूरबद्दल लिहायचं आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, आमच्या धंद्याचा कणा होती. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून पाला-गवताचं अस्तर, त्यात हळद भरून वरून मातीने बंद. हवा लागत नाही, म्हणून कीड लागत नाही. पेव उघडल्यावर आत एकदम उतरता येत नाही, आधी कंदील सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि माल गेला. त्यानंतरचा पेच पाहा. पेवं पुन्हा दुरुस्त करायची, की वखार नाहीतर कोल्ड स्टोरेजचं भाडं भरायचं? पेवाचा खर्च कमी, पण पुराची टांगती तलवार. वखारीत भाडं चालू, पण ठेवलेल्या मालाच्या पावतीवर तारण कर्ज मिळतं, आणि भाव पडलेला असताना माल धरून ठेवायला तेच लागतं. धंद्याच्या डावपेचांचा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. तो लिहून ठेवायला हवा, कारण पेवात उतरलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत.

कॉलेजं म्हणतात, उद्योजक आकडे देत नाहीत. हे खरं आहे. धंद्यातले लोक यश सांगतात, बुडालेली उधारी सांगत नाहीत. वर्तमानपत्रंही यशोगाथाच छापतात. माझी विनंती अशी की आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या एका उद्योगाचा पेच छापावा, जुना चालेल, निर्णयाच्या आदल्या दिवसापर्यंतच. काय झालं ते पुढच्या महिन्यात द्यावं. कॉलेजांनी मधल्या काळात तो वर्गात घ्यावा आणि त्याच मुलांनी पुढची केस प्रत्यक्ष जाऊन लिहावी. माझे खरेदीचे भाव, पॅकिंगचा खर्च आणि दुकानदारांची नावं झाकून उधारीची वही मी द्यायला तयार आहे, परत आलेल्या मालाच्या हिशेबासकट.

आपली,
हळद व्यवसायातील एक वाचक,
विश्रामबाग, सांगली