जुना लॅपटॉप कपाटात ठेवू नका, अभ्यासिकेला द्या

सप्रेम नमस्कार,

लोकमान्य नगर, सावरकर नगर परिसरातल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी आमचं मंडळ संध्याकाळची अभ्यासिका चालवतं. प्रकल्पाचे दिवस आले की इथे ठरलेला प्रकार सुरू होतो. गट पाच जणांचा, विषय ठाण्यातले तलाव. एक जण मासुंदा तलावाची माहिती वहीत लिहून फोटो पाठवतो, दुसरी उपवनची व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करते आणि ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो रात्री जागून सगळं जुळवतो. मग ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा फाइली फिरतात. मार्क सगळ्यांना सारखेच!

गूगल डॉक्सवर एकच फाइल सगळ्यांना एका वेळी लिहिता येते. कोणी काय लिहिलं, काय खोडलं, ते व्हर्जन हिस्ट्रीत तारीख-वेळेसकट दिसतं. आम्हाला जास्त मोल वाटतं ते कमेंटचं. गटात तोंड न उघडणारी मुलगी समासात विचारते, ‘हा आकडा कुठून घेतला?’ आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. हे मोबाइलवरही जमतं म्हणणाऱ्यांनी चार रकान्यांचा तक्ता एकदा बोटाने सरकवत भरून बघावा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ चालत नाही एवढ्याच कारणाने बाजूला ठेवलेले धडधाकट लॅपटॉप वागळे इस्टेट, ऐरोली, महापेच्या ऑफिसांत नक्की असतील. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की ब्राउझर छान चालतो, आणि आमचं काम ब्राउझरवरच भागतं. रॅम ४ जीबी असली तरी पुरे. बॅटरी गेलेली चालेल, चार्जर मात्र आठवणीने द्या. डेटाची काळजी वाटत असेल तर हार्ड डिस्क खुशाल काढून घ्या. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, आम्ही बसवू.

त्या एसएसडीसाठी आणि ब्रॉडबँडच्या बिलासाठी देणगी हवी आहे. पैसे देता येत नसतील तर शनिवारी संध्याकाळी दोन तास या. दुसऱ्याचा मजकूर परस्पर न खोडता सूचना कशी लिहायची, हे मुलांना शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं.

लॅपटॉप संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत अभ्यासिकेत आणून द्यावेत. रोख रक्कम बाहेर कोणाच्याही हाती देऊ नये, पावती इथेच मिळेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रकल्पांची गडबड सुरू होते, तेव्हा त्याआधी आलात तर बरं.

आपले,
अभ्यासिकेचे कार्यकर्ते
लोकमान्य नगर, ठाणे (प.)