टँकर उलटल्यावरची पहिली दहा मिनिटे

मा. संपादक,
स. न.

२० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली आणि टाकीची नोझल तुटली. हवेपेक्षा जड असलेला वायू रस्त्यालगत पसरत गेला, मागेपुढे असलेल्या गाड्यांपर्यंत पोचला आणि पेटला. बस, ट्रक, मोटारी त्यात सापडल्या. मृतांत टँकरशी काहीच संबंध नसलेले लोक होते.

असे नागपुरातही घडू शकते. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरातच एकमेकांना छेदतात. खापरी-बोरखेडीच्या इंधन डेपोंचा, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीचा माल, पाणी शुद्धीकरणासाठी लागणारे क्लोरीन, शीतगृहांचा अमोनिया, हे सगळे याच रस्त्यांनी आउटर रिंगरोडवर येते. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असतो, वर्षातून एकदा पूर्ण मॉकड्रिलही अपेक्षित आहे. पण मॉकड्रिल म्हटले की कारखान्याचे फाटक, दिवसाची वेळ आणि आधी ठरलेला मुहूर्त. रस्त्यावरचा अपघात रात्री होतो, तिथे सुरक्षा अधिकारी नसतो. पहिला पोचतो तो बीटवरचा शिपाई, महामार्गाची गस्ती गाडी, नाहीतर शेजारच्या ढाब्यावरचा माणूस. त्यांना शिकवले पाहिजे, हीच आमची मागणी.

शिकवायचे काय? आधी लांब थांबायला. वारा आपल्या पाठीमागून टँकरकडे जाईल अशा बाजूला, शक्यतो उंचावर, वायू गळत असेल तर किमान १०० मीटरवर उभे राहायचे. मग टँकरच्या दोन्ही बाजूंना व मागे असलेली आपत्कालीन माहितीची पाटी वाचायची. तिच्यावरचा चार आकडी यूएन क्रमांक, म्हणजे आत कोणते रसायन आहे ते सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, महत्त्वाचा: १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. गस्ती गाडीत साधी दुर्बीण असली तरी जवळ जावे लागत नाही. चालक घाबरून निघून गेला की कागद आणि ट्रेम कार्डही (अपघातात काय करायचे ते सांगणारे, चालकाजवळचे कार्ड) त्याच्यासोबत जाते. मग पाटी हाच एक आधार. ती चिखलाने माखलेली असते, किंवा मागच्या फेरीतल्या मालाचीच तशी राहते. आरटीओ आणि पोलिसांनी नाक्यावर एवढे जरी तपासले तरी निम्मा गोंधळ टळेल. आणि ‘रिकामा’ टँकर म्हणजे वाफांनी भरलेला टँकर, हेही सांगावे लागते.

११२ किंवा १०१ वर कळवताना यूएन क्रमांक, किलोमीटरचा दगड व दिशा, गळती आहे की आग, आणि वारा कुठून कुठे, या चार गोष्टी आल्या पाहिजेत. त्याच वेळी समोरच्या बाजूची वाहतूकही थांबवायची. इथेच नेहमी चूक होते. अडकलेल्या गाड्यांना वळवायला लावू नये, एका स्टार्टरची ठिणगी पुरते. इंजिने बंद करून माणसांनी चालत, वाऱ्याला आडवे बाहेर पडावे. सांडलेले पेट्रोल कॅनमध्ये भरायला जमणारी गर्दी हटवणे हे पोलिसांचे या प्रसंगातले सर्वांत अवघड काम आहे, त्याचा वेगळा सराव हवा.

आता पाण्याचा हिशेब. एलपीजीच्या टाकीला ज्वाळा भिडत असतील, तर टाकी थंड ठेवायला, जिथे भिडतात त्या प्रत्येक जागी मिनिटाला सुमारे १,९०० लिटर पाणी मारावे लागते, असा अग्निशमनातला सर्वमान्य ठोकताळा आहे. साडेचार हजार लिटरचा बंब अडीच मिनिटांत रिकामा होतो. टाकीचा वरचा भाग, जिथे आत द्रव नसतो, तो तापून मऊ पडला की टाकी फुटते; कधी कधी दहा-पंधरा मिनिटांतच. पाणी टिकणार नसेल तर माणसे मागे घेऊन चारही बाजूंनी १,६०० मीटरचा परिसर मोकळा करणे, हाच निर्णय. नळीच्या तोंडाशी पेटलेली ज्योत व्हॉल्व्ह बंद होत नसेल तर विझवूही नये. न जळलेला वायू साठून नंतर एकदम पेटतो. म्हणून आउटर रिंगरोडवर पाणी कुठून भरायचे, किती मिनिटांत मिळेल, हे आजच नकाशावर हवे.

पेट्रोलच्या आगीवर पसरायच्या फेसाचे, म्हणजे फोमचेही तसेच. २०० चौरस मीटरवर पसरलेल्या पेट्रोलसाठी दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे ४ लिटर द्रावण, १५ मिनिटे धरले, तर १२ हजार लिटर होते. त्यात तीन टक्के मिसळायचा फोमचा मूळ द्रव साधारण ३६० लिटर. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि डेपोंकडे शुद्ध इथेनॉलचे टँकर येतात. इथेनॉल साध्या फोमच्या बुडबुड्यांतले पाणी ओढून घेते आणि थर विरघळतो. अग्निशमन केंद्रात फोमचा साठा आहे म्हणून भागत नाही, तो अल्कोहोलरोधक आहे का ते पाहावे लागते. क्लोरीनच्या गळक्या जागेवर पाणी मारू नये, ॲसिड होऊन भोक मोठे होते. अमोनियाच्या वाफेवर पाण्याचा फवारा चालतो, पण सांडलेल्या द्रवावर धार मारली तर तो अधिकच उसळतो. कन्हान पुलावर असे काही घडले, तर ते पाणी नदीत उतरण्याआधी वाळूच्या पोत्यांनी अडवायचे कोणी, हे नाव-नंबरासह लिहिलेले असावे. तिथून शहर पाणी पिते.

नागपूरकडे या कामाला लागणारे ज्ञान घरात आहे. पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि एनडीआरएफची अकादमी, तिन्ही याच शहरात आहेत. महामार्ग पोलीस, टोलनाके, १०८ चे कर्मचारी यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचे वर्ग मराठी-हिंदीतून व्हावेत. रुग्णवाहिकेत चढवण्याआधी रसायनाने भिजलेल्या माणसाचे कपडे उतरवून त्याला भरपूर पाण्याने धुवायचे, हे १०८ च्या वर्गात पहिले शिकवावे; नाहीतर रसायन रुग्णालयात पसरून तिथला अपघात विभागच बंद करायची वेळ येते.

त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात टेबलावर नकाशा ठेवून दोन तासांचा सराव आणि मग रात्री दोन वाजता, न सांगता, आउटर रिंगरोडवर एक मॉकड्रिल. तिच्यात तीनच वेळा मोजाव्यात: फोन आल्यापासून यूएन क्रमांक कळेपर्यंत, समोरची लेन बंद होईपर्यंत, आणि दुसऱ्या बंबाचे पाणी सुरू होईपर्यंत. हे तीन आकडे वर्तमानपत्रात छापावेत. पहिला सराव ४५ अंशांचा उन्हाळा सुरू होण्याआधी व्हावा.

– औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील काही अभियंते, नागपूर