खालच्या मजल्यावरच्या काकांना

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

सदाशिव पेठेतली आपली इमारत पाडायला घेतली, सगळे पांगले आणि तुमचा जुना फोन लागत नाही. आभार मानायचे राहिलेच होते, म्हणून हे असं जाहीर पत्र. पेठेतलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

चाकणची दुसरी पाळी करून मी साडेअकराला घरी यायचो आणि गिटार काढायचो. आठवड्याभरात जिन्यात पाटी लागली: ‘रात्री दहानंतर तारांना छेडू नये. शेजाऱ्यांनाही.’ अक्षर तुमचंच. मग एका रात्री बेल वाजली. मी माफीच्या तयारीत दार उघडलं. तुम्ही आत आलात, माझ्या हातातलं पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, काढून स्वतःच्या खिशात टाकलंत आणि म्हणालात, “अंगठ्यानं वाजव. वेसही तसाच वाजवायचा.”

अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. १९२३ साली इंडियानापोलिसला जन्मलेला, दिवसा कारखान्यात राबणारा, रात्री क्लबात वाजवणारा. नोटेशन वाचता येत नव्हतं. आधीचा गिटारवादक चार्ली ख्रिश्चन, त्याच्या रेकॉर्डी ऐकून शिकला. घरच्यांना, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक सोडलं, हे तुम्ही माझ्याकडे रोखून बघत सांगितलंत. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीनं त्याला ऐकून रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीच्या कानावर घातलं, तोवर गड्यानं पस्तिशी ओलांडली होती.

तुमच्या कॅसेटवर त्याची स्वतःची रचना होती, ‘फोर ऑन सिक्स’. आधी सुटे स्वर, मग ऑक्टेव्ह, मग भरगच्च कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकदम. “ही रागाची बढतच की रे! सवाईच्या मांडवात वेगळं काय ऐकतो आपण?” मला ते ओढूनताणून वाटलं होतं. थोडं अजूनही वाटतं.

ऑक्टेव्ह मात्र डोक्यात बसले. एकच स्वर दोन सप्तकांत: पहिलं बोट सहाव्या तारेवर, तिसरं चौथीवर दोन घरं पुढे, आणि मधली पाचवी पहिल्या बोटाच्या पोटानं नुसती टेकून मुकी करायची. अंगठा तिन्ही तारांवरून फिरतो, वाजतात दोनच. सहा महिने गेले. अंगठ्याला फोड आले, फुटले, घट्टा पडला. ज्या रात्री ती मधली तार एकदाची गप्प राहिली, त्या रात्री खालून काठीचे दोन ठोके आले. मी गिटार पलंगाखाली सरकवली. सकाळी जिन्यात तुम्ही म्हणालात, “अरे, दाद होती ती.”

शेवटच्या वर्षांत वेस व्हायोलिनांच्या ताफ्यात तेव्हाची लोकप्रिय गाणी वाजवायचा, ते मला मिळमिळीत वाटतं, अशी कुरकुर मी केली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, “सात पोरं होती त्याला.” १९६८ मध्ये तो ४५व्या वर्षी गेला. त्यानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

कॅसेट माझ्याकडेच आहे. पाडापाडीच्या आदल्या दिवशी जिन्यातली पाटीही काढून आणली. पत्ता कळवा, दोन्ही आणून देतो. पिक मात्र अजून तुमच्याच खिशात असेल.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा