नकाशांवरचा तुझा लेख आणि फेसबुकची चौकट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नकाशांच्या प्रक्षेपणांवरचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतींवरचा, तुझा लेख मी तळटिपांसह सावकाश वाचला. लेख उत्तम उतरला आहे. तो फेसबुकवर जशाच्या तसा टाकू का, या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर मात्र ‘नको’ असे आहे, आणि त्याचे कारण लेखाची लांबी हे नाही. फेसबुकच्या एका पोस्टमध्ये ६३,२०६ अक्षरचिन्हे मावतात. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त या खुणा वेगवेगळ्या मोजल्या तरी तुझा लेख त्यात सहज बसेल. तेव्हा हल्ली कोणी मोठे वाचत नाही, या समजुतीपायी लेखाला कात्री लावू नकोस. खरी अडचण मांडणीची आहे. उपशीर्षके, ठळक आणि तिरपा ठसा, तक्ता, वर चढवलेले तळटिपांचे आकडे, आत सरकवलेली अवतरणे यांपैकी जवळजवळ काहीच साध्या पोस्टमध्ये टिकत नाही. पूर्वी तिथे ‘नोट्स’ नावाची सोय होती आणि तीत शीर्षके, अवतरणे नीट मांडता येत, पण २०२० साली नव्या नोट्स लिहिणे बंद झाले.

मांडणी गेली की नुसती शोभा जाते, असे मला वाटत नाही. तुझ्या लेखात तिने बरेच काम मुकाट्याने उचललेले आहे: विषय कुठे बदलला, कोणते विधान मुख्य आणि कोणते पूरक, कोणता आकडा कोणत्या आकड्याशेजारी ठेवून पाहायचा, हे सारे वाचकाला ती सांगते. पोस्टमध्ये हे काम वाक्यांकडे सोपवावे लागेल, म्हणजे काही ठिकाणी लेख पुन्हा लिहावा लागेल.

उपशीर्षकांपासून सुरुवात कर. ‘प्रक्षेपणाची अपरिहार्यता’ या उपशीर्षकाखालचा तुझा परिच्छेद ‘हे समजण्यासाठी संत्र्याची साल सपाट करून पाहावी’ असा सुरू होतो. यातले ‘हे’ उपशीर्षकाकडे बोट दाखवते. उपशीर्षक काढले की ते अधांतरी लटकते. अशी ‘हे’, ‘ते’, ‘याउलट’ लेखात मला बऱ्याच ठिकाणी दिसली. त्याऐवजी परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात विषय उघड मांड: गोल पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट करता येत नाही, हे गणितज्ञ गाउसच्या १८२७ सालच्या सिद्धांतातून निघते, आणि म्हणून प्रत्येक सपाट नकाशाला अंतर, क्षेत्रफळ, आकार यांपैकी कशावर तरी पाणी सोडावे लागते. असे वाक्य आले की उपशीर्षकाची उणीव भासणार नाही. उपशीर्षके ठेवायचीच असतील तर वर-खाली कोरी ओळ सोडून, दोन-तीनच ठेव, आणि ती अशी असू देत की ठसा ठळक नसतानाही ती शीर्षके म्हणून ओळखू येतील.

तळटिपांच्या बाबतीत मी थोडा कठोर होणार आहे. सोळाव्या शतकातला नकाशाकार मर्केटर याच्या नकाशाच्या सालापुढे तू वर चढवलेला ३ हा आकडा पोस्टमध्ये खाली उतरला, तर १५६९ चे १५६९३ होईल. पण हा धोका किरकोळ आहे, नजर फिरवली की सापडेल. मोठी गोष्ट अशी की त्या तिसऱ्या तळटिपेत तू लेखाचा गाभाच ठेवला आहेस. मर्केटरने तो नकाशा दर्यावर्दींसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून चालले असता होणारा मार्ग त्यावर सरळ रेषेने काढता येतो, आणि या सोयीसाठीच ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवावे लागतात. हे कारण कळल्याशिवाय वाचक तो नकाशा लबाडीचा आहे, असे समजून बसेल. ही टीप वर आणून स्वतंत्र परिच्छेद कर. निव्वळ ग्रंथनिर्देश असलेल्या टिपा एकत्र करून शेवटी चार ओळींत लिही, आणि ज्यांवाचून काही अडत नाही त्या सोडून दे. मला वाटते, निम्म्याहून अधिक टिपा या शेवटच्या वर्गात जातील. विद्वत्ता कमी दिसेल या भीतीने त्या ठेवू नकोस.

आता तक्ता. तो चिकटवलास तर रकाने मोडून आकडे एकाखाली एक येतील आणि कोणता आकडा कोणाचा, हे कळणार नाही. मोकळ्या जागा भरून रकाने जुळवण्याचा खटाटोपही करू नकोस, कारण तुझ्या पडद्यावर जुळलेले रकाने दुसऱ्याच्या फोनवर विस्कटतात. मुळात वाचकाला तक्त्यातून काय कळायला हवे, ते ठरव. सर्व देशांची क्षेत्रफळे त्याला नको आहेत; डोळ्यांना दिसते ते आणि खरे असते ते, यांतला फरक त्याला हवा आहे. मग असे लिहिता येईल: ‘मर्केटरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचे दिसते, प्रत्यक्षात ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिकेचे सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आफ्रिकेत १४ ग्रीनलँड मावतील. अलास्का ब्राझीलएवढे भासते, पण ब्राझील त्याच्या सुमारे पाचपट आहे.’ अशा दोन जोड्या पुरेत. बाकीच्या ओळी मूळ लेखात राहू देत.

तक्त्याचे चित्र करून टाकावे, हा पर्याय तुझ्या मनात येईल. नकाशांची चित्रे जरूर टाक, कारण तिथे चित्रच मजकूर आहे. मजकुराचे मात्र चित्र करू नकोस. चित्रातली अक्षरे फोनवर बारीक होतात, वाचकाला त्यातले एखादे वाक्य उचलून घेता येत नाही, आणि जे वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर, विसंबून असतात त्यांच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. नकाशाच्या चित्रांनाही पर्यायी वर्णन लिहिण्याची सोय असते. तिथे ‘नकाशा’ एवढेच न लिहिता नकाशात काय पाहायचे ते एका वाक्यात लिही.

ठळक ठशाविषयी एक गोष्ट ठाऊक असावी. रोमन लिपीत लिहिणारे काही जण पोस्टमध्येही ठळक अक्षरे मिळवतात, पण ती खरी अक्षरे नसतात. गणितातल्या खुणांसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, वेगळ्या राखून ठेवलेल्या वर्णांचा तो परभारे केलेला वापर असतो, आणि स्क्रीन रीडर त्यांचे वाचन पुष्कळदा बिघडवतो. देवनागरीसाठी अशी चिन्हे नाहीतच, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. तू ‘प्रत्येक’ हा शब्द ठळक केला आहेस. त्याऐवजी ‘प्रत्येकच सपाट नकाशा काहीतरी लपवतो’ असे लिहिलेस की एका ‘च’ने काम होते. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका दिल्या की तो ठळक होतो, पण तोच मजकूर तुझ्या फेसबुकच्या पोस्टमध्ये नेलास तर तारका तारकाच राहतील, म्हणून दोन प्रती वेगळ्या ठेव.

मजकूर नेताना तो आधी नोटपॅडसारख्या साध्या जागी चिकटव. तुझ्या फाइलमध्ये परिच्छेदांमधली जागा कोऱ्या ओळीने नव्हे, तर मांडणीच्या सूचनेने पडलेली आहे. ती जाईल आणि सगळा लेख एक ढीग होईल. प्रत्येक परिच्छेदानंतर हाताने कोरी ओळ सोड. तुझे काही परिच्छेद फोनवर सबंध पडदा व्यापतील. ते योग्य जागी दुभंगावेत, पण दर वाक्यानंतर नवी ओळ घेण्याची जी टूम निघाली आहे तिच्या नादी लागू नकोस, कारण तिने युक्तिवादाचा धागा तुटतो. जुन्या टंकात टाइप केलेली दोन अवतरणे युनिकोडमध्ये नव्याने टाइप कर, नाहीतर त्यांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. आणखी एक बारीक जागा तपास. काही कळफलक ‘ऱ्या’ लिहिताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, आणि मजकूर ‘स्वच्छ’ करणारी साधने ते पुसून टाकतात. मग ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. नकाशांवरच्या लेखात डोंगरांमध्ये एकदम समुद्र उसळावा, हे काही बरे नव्हे.

पोस्टच्या पहिल्या काही ओळीच आधी दिसतात आणि पुढचे वाचण्यासाठी बोट लावावे लागते, हे ध्यानात घेऊन आरंभ बदल. नकाशाशास्त्राच्या उगमाचा तुझा पहिला परिच्छेद छापील लेखात शोभतो, इथे तो वाचकाला दारातच थांबवेल. ग्रीनलँड आणि आफ्रिकेची जोडी सरळ वर आण. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असली हाक मात्र घालू नकोस. तुझ्या लेखाला तिची गरज नाही.

इतर ठिकाणांचे थोडक्यात सांगतो. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) विनामूल्य खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे आणि तिथे ‘प्रक्षेपण’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द नऊ चिन्हे खातो. तिथे मालिका करायचीच असेल तर प्रत्येक तुकडा एकटाही उभा राहील असा लिही, कारण लोक मधलाच एखादा पुढे पाठवतात. लिंक्डइनच्या पोस्टला ३,००० चिन्हे मिळतात. संपूर्ण लेखासाठी तिथे स्वतंत्र सोय आहे आणि तीत उपशीर्षके टिकतात. इन्स्टाग्रामच्या चित्राखाली २,२०० चिन्हे लिहिता येतात, पण त्या मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही. माझ्या मते तू फेसबुकवरच थांबावेस आणि मूळ लेखाची पीडीएफ कुठेतरी ठेवून तिची लिंक शेवटी द्यावीस, म्हणजे तक्ता आणि टिपा हव्या असणाऱ्यांची सोय होईल.

पोस्ट आधी ‘फक्त मी’ अशी ठेवून स्वतःच्या फोनवर संपूर्ण वाच आणि मगच सर्वांना खुली कर. त्यापूर्वी नवा आरंभ आणि तक्त्याच्या जागी लिहिलेली वाक्ये मला पाठव. १९७३ साली पीटर्सने मांडलेल्या, क्षेत्रफळे खऱ्या प्रमाणात दाखवणाऱ्या प्रक्षेपणाचा भाग ठेवायचा की गाळायचा, याबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. तो भाग तू पोस्टच्या भाषेत कसा लिहितोस, हे पाहून कळवीन.

तुझा स्नेही